चुडीच्या उजेडात परतताना : सिनेमाच्या नादाने विचारी माणूस घडतो का?

बंदरवाट (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात देवगडला एका मित्राच्या पडवीत बसलो असताना त्याने मला सरळ विचारले, "पस्तीस वर्षे मुलांना तत्त्वज्ञान शिकवलंस आणि जन्मभर सिनेमे बघितलेस. दुसऱ्या उद्योगाने पहिल्याला काय दिलं?" मी हसून विषय बदलला, कारण उत्तर लांबलचक होते आणि समोर सोलकढी आली होती. ते उत्तर आता येथे मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी भीड न ठेवता तसे लिहावे.

माझे म्हणणे असे की सिनेमाचा नाद विचार करणाऱ्या माणसाला घडवतो, परंतु त्या घडण्याचा मोठा भाग पडद्यासमोर होत नाही. तो सिनेमा सुटल्यावर घरी परतण्याच्या वाटेवर सुरू होतो आणि पुढे कित्येक वर्षे आठवणीत चालू राहतो. माझ्या लहानपणी जत्रांच्या हंगामात आमच्या भागात तंबूतला सिनेमा येई. तीन मैल चालत जायचे आणि परतताना झावळीची चूड पेटवून, ती हलवत हलवत, सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, चालत यायचे. वाटेत वडील, शेजारचे काका आणि एक रापणकर, म्हणजे रापणीचे जाळे ओढणारा मच्छीमार, यांचा वाद रंगे. नायिकेने पत्र वाचल्यावर मान फिरवली, की मान आधीच फिरवली होती आणि पत्र तिने वाचलेच नाही? यावर एकदा घर येईपर्यंत भांडण झाले आणि दुसऱ्या दिवशी आंब्याच्या बागेत ते पुन्हा सुरू झाले. खात्री करून घेण्याचा मार्ग नव्हता, कारण तोवर तंबू पुढच्या गावाला गेलेला असे. तिघांनी एकच गोष्ट एकाच वेळी पाहिली होती, आणि तिघेही आपण प्रत्यक्ष पाहिले असे शपथेवर सांगत होते. पुढे महाविद्यालयात न्यायदर्शनातील प्रत्यक्ष आणि भ्रम यांची चर्चा वाचताना दोरीला साप समजण्याच्या नेहमीच्या उदाहरणाआधी मला ते पत्र आठवले.

हा केवळ माझा अनुभव नाही. हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारे स्टॅन्ली कॅव्हेल (१९२६–२०१८) यांनी १९७१ साली सिनेमावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात सिनेमांच्या आठवणी आपल्या आयुष्याच्या आठवणींत धाग्यात धागा मिसळावा तशा मिसळल्या आहेत असे ते सांगतात. घरी सिनेमा लावून पाहण्याची सोय नसलेल्या त्या काळात त्यांनी बरेचसे लेखन आठवणीवर भिस्त ठेवून केले, आणि त्यामुळे तपशिलात चुका राहिल्याचे मान्यही केले. पुढे १९८१ साली त्यांनी जुन्या हॉलिवूडचे सात विनोदी चित्रपट घेतले. त्या सातही चित्रपटांत जोडपे दुरावते आणि पुन्हा एकत्र येते. एरवी ज्यांना करमणूक म्हणून बाजूला सारले गेले असते अशा त्या चित्रपटांवरून त्यांनी विवाह म्हणजे दोन माणसांमधील चालू राहणारे संभाषण कसे असते, याची मांडणी केली. तसे लिहायला आधी त्या चित्रपटांवर मनापासून प्रेम असावे लागते.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. सिनेमाचे जर्मन अभ्यासक सिगफ्रीड क्राकाउअर यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बालपणी पाहिलेल्या सिनेमातील एक दृश्य नोंदवले आहे. शहराबाहेरचा साधा रस्ता, पुढे एक डबके, आणि त्या डबक्यात चौकटीत न दिसणाऱ्या घरांचे व आभाळाच्या तुकड्याचे प्रतिबिंब. वारा येतो आणि ते सगळे थरथरते. गढूळ डबक्यातले ते वरचे जग आपल्याला कधीच सोडून गेले नाही, असे ते म्हणतात. श्रावणात पाणंदीतून चालणाऱ्या कोणत्याही कोकणी माणसाने अशी शंभर डबकी ओलांडलेली असतात, पण थांबून पाहिलेली नसतात. मी स्वतः ती सिनेमामुळे पाहू लागलो, एवढे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

कातळसडा

सर, आपला मान राखून विरोध नोंदवतो. आपण ज्याचे वर्णन केले ते श्रेय चुडीचे, तीन मैलांच्या वाटेचे आणि भांडणाऱ्या तीन वडीलधाऱ्यांचे आहे. सिनेमा तिथे केवळ निमित्त होता. त्याच जत्रेत मध्यरात्री दशावतार, म्हणजे आपल्याकडचे पौराणिक लोकनाट्य, उभा राहतो. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले असते आणि संवाद नट जागच्या जागी रचतात. राजा आणि ऋषी यांचा वाद रंगला की एकाच्या युक्तिवादाला दुसऱ्याने तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते आणि समोर बसलेले गावकरी कोण हरला ते ओळखतात. विचार घडण्यासाठी याहून चांगली शाळा कोणती? पडद्यावरच्या माणसाला आपण कितीही विचारले तरी तो उत्तर देत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच विषयातला आहे. आपण तर्कशास्त्र शिकवले आहे. सिनेमा पाहणारे दोन तत्त्वज्ञ दाखवून सिनेमामुळे तत्त्वज्ञ घडतो असे सिद्ध होत नाही. त्याच तंबूत आपल्याबरोबर आणखी चारशे माणसे बसली असतील, त्यांचे काय झाले? शिवाय उलट बाजूची माणसे आपण घेतलीच नाहीत. तत्त्वज्ञ विटगेनश्टाइन केंब्रिजमधला आपला वर्ग संपला की थकून सिनेमाला जात आणि दृष्टीपुढे दुसरे काही राहू नये म्हणून अगदी पहिल्या रांगेत बसत. त्यांचे शिष्य नॉर्मन माल्कम यांनी लिहून ठेवले आहे की त्यांना ते शॉवरखाली उभे राहिल्यासारखे वाटे. म्हणजे विचार धुऊन टाकण्यासाठी ते तिथे जात होते. जर्मन तत्त्वज्ञ आडोर्नो यांनी तर १९५१ च्या पुस्तकात कबूल केले की कितीही सावध राहिलो तरी प्रत्येक वेळी सिनेमागृहातून मी अधिक मूर्ख आणि अधिक वाईट होऊन बाहेर पडतो. आणि १९२७-२८ च्या सरकारी सिनेमॅटोग्राफ समितीने विचारणा केली तेव्हा आपण सिनेमाला कधीच गेलेलो नाही असे गांधीजींनी कळवले होते. त्यांच्या विचाराचे त्यावाचून काही अडले असे मला दिसत नाही.

नवी पालवी

मी चिपळूणची, वय तेवीस. माझा आक्षेप दोघांवरही आहे. सरांना जे पत्राचे कोडे पन्नास वर्षे पुरले, ते मी फोनवर दहा सेकंद मागे जाऊन सोडवले असते आणि पुढच्या, अधिक खोल प्रश्नाकडे वळले असते. एखादे दृश्य थांबवून, मागे नेऊन, आवाज बंद करून पाहिल्यावर ते कसे बांधले आहे हे जितके कळते, तितके अंधारात एकदा पाहून कळणे शक्य नाही. चुकीच्या आठवणीला शिक्षण म्हणणे म्हणजे टंचाईचे कौतुक करणे होय. आमच्या आजीलाही विहिरीवरून पाणी आणण्याच्या दिवसांविषयी असेच वाटते, पण नळ काढून टाका असे ती म्हणत नाही.

माजघर

वेंगुर्ले तालुक्यातील एका गावातून लिहिते. वर चाललेली चर्चा वाचताना मला सारखे वाटत होते की, ज्यांना रात्री सड्यावरून चालत यायची मुभा होती त्यांच्याच आठवणी येथे तत्त्वज्ञान म्हणून मांडल्या जात आहेत. आमच्या घरातील मुलींना तंबूत जायची परवानगी नव्हती. लग्न झालेल्या बाया नवऱ्याबरोबर जात आणि बायकांच्या बाजूला बसत, तेवढेच. त्यामुळे माझे सिनेमाप्रेम हे ऐकलेल्या सिनेमावरचे प्रेम आहे. माझा भाऊ रात्री सिनेमा पाहून येई आणि सकाळी चुलीपुढे बसून पूर्ण गोष्ट सांगे. तो उत्तम सांगायचा. गाण्याच्या जागी गाणे म्हणायचा, घोड्यांच्या टापा पाटावर बोटांनी वाजवायचा. मुंबईहून चाकरमानी गणपतीला आले की तेही आपापल्या गोष्टी सांगत, आणि आम्ही बहिणी त्या गोष्टी एकमेकींशी ताडून पाहत असू.

त्यांतल्या एका सिनेमाची गोष्ट मला पाठ झाली होती. बारा-चौदा वर्षांनी लग्नानंतर मी तो दूरदर्शनवर पाहिला. निम्म्याच्या पुढे एक लांबलचक प्रसंग आला. त्यात नायिका सासरचे घर सोडताना उंबरठ्यात उभी राहून सासूशी बोलते. पाच-सहा मिनिटे तीच बोलते. माझ्या भावाने तो प्रसंग मला कधीही सांगितला नव्हता. त्याच्या गोष्टीत ती बाई एका दृश्यात घरात होती आणि पुढच्या दृश्यात स्टेशनवर होती. मधे काहीच नव्हते. मी दूरचित्रवाणीसमोर बसून राहिले आणि दूध उतू गेले.

त्या दिवसापासून मला एक सवय लागली. मला कोणी काहीही सांगितले, मग ते वर्तमानपत्र असो, कीर्तनकार असोत किंवा जमिनीच्या वाटणीचा कागद वाचून दाखवणारे दीर असोत, तर मी मनात विचारते की यातली बाई घरातून स्टेशनपर्यंत गेली कशी? मी विचारवंत नाही. मी दोन मुलांची आई आहे आणि काजूचा छोटा धंदा चालवते. परंतु कातळसडा यांना सांगावेसे वाटते की, ही सवय मला दशावताराने लावली नसती. दशावतारात आज गाळलेला संवाद उद्या दुसरा नट घालतो, आणि गाळला म्हणून कोणाला दोष देता येत नाही. आणि नवी पालवीला सांगते की, बाळा, मागे नेऊन पाहता येते हे खरे, पण काहीतरी गाळले गेले आहे असा संशय यायला आधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते.

कार्बनकांडी

माझे वडील अशाच फिरत्या तंबूत ऑपरेटर होते, म्हणून थोडे यंत्राच्या बाजूने लिहितो. सर आणि माजघर ताई, दोघांच्याही युक्तिवादाला यामुळे कदाचित धक्का बसेल. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

पस्तीस मिलिमीटरचे हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटे चालते. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे अशी तेरा-चौदा रिळे झाली. तंबूत यंत्र एकच, त्यामुळे रीळ बदलताना पडदा काळा होई आणि लोक बोलू लागत. वडील म्हणत की सिनेमातले सगळ्यात चांगले बोलणे तेव्हा होते. पण दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जीर्ण प्रिंट मधे तुटे, तुटलेला तुकडा कापून दोन टोके चिकटवली जात, आणि असे करत करत दर गावाला सिनेमा थोडा थोडा आखूड होत जाई. कधी एखादे रीळ आलेलेच नसे. कधी उशीर झाला, लोक कंटाळले, की मालक एखादे रीळ वगळायला सांगे. तेव्हा सरांच्या पत्राच्या दृश्यातली मान फिरवण्याची चौकट कदाचित आधीच्या कोणत्या तरी गावात कापली गेली असेल. भांडणारे तिघेही जे पडद्यावर नव्हतेच त्याबद्दल भांडत असतील. आणि ताई, तुमच्या भावाने काही लपवले नसेल. ते रीळच त्या रात्री चालले नसेल.

एवढ्यावर थांबणार होतो, पण एक सांगायचे राहते. यंत्रात झडप असते. चित्र सरकताना ती प्रकाश अडवते, नाहीतर पडद्यावर नुसता धूसर पट्टा दिसेल. सेकंदाला चोवीस चित्रे, आणि त्यांच्यामध्ये काळोख. दोन पात्यांची झडप असेल तर जवळजवळ निम्मा वेळ पडदा अंधारातच असतो. लोक तीन तासांच्या सिनेमाचे पैसे देतात आणि दीड तास काळोख पाहतात, असे वडील गमतीने म्हणत. फ्रेंच तत्त्वज्ञ बेर्गसाँ यांनी १९०७ साली आपली बुद्धी सिनेमाच्या यंत्रासारखी चालते असे लिहिले, म्हणजे ती स्थिर चित्रे एकामागे एक लावते आणि त्यालाच गती समजते, हे मी फार उशिरा वाचले. वडिलांना ते हातांनी ठाऊक होते. एकच सिनेमा यंत्राशेजारच्या भोकातून चाळीस-चाळीस वेळा पाहिलेला तो माणूस विचारवंतांच्या कोणत्याही यादीत बसणार नाही, पण या धाग्याच्या विषयात मला तोच दिसतो.

कातळसडा

कार्बनकांडी यांनी माझेच काम सोपे केले. जे पडद्यावर नव्हते त्यावर जर तीन शहाणी माणसे रात्रभर वाद घालू शकतात, तर तो वाद सिनेमाचा नव्हेच. माजघर यांच्या सवयीबद्दल मला आदर आहे. मात्र तिचे मूळ भावंडांच्या नात्यात आणि घरातल्या बंधनात आहे असे माझे मत कायम राहते.

बंदरवाट (धागाकर्ता)

चारशे माणसांचा आक्षेप मी मान्य करतो. सिनेमा पाहिला की विचार येतोच असे माझे म्हणणे असेल तर ते चुकीचे आहे, आणि पहिल्या लेखनात मी तसे सुचवले असल्यास ते मागे घेतो. इतकेच म्हणतो की ज्याला विचाराची खोड आहे त्याच्या विचाराला सिनेमा एक विशिष्ट वळण देतो, जे वळण ग्रंथ किंवा दशावतार देत नाहीत.

श्रेय वाटेचे, सिनेमाचे नाही, हे मात्र मला पटत नाही. त्या वाटेने आम्ही बाजाराहूनही येत होतो. तेव्हा असा वाद कधी झाला नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांचे उदाहरण घ्या. लहानपणी आईबरोबर ते सिनेमाला जात. पडद्यावर प्रत्येक गोष्ट अटळपणे पुढच्या गोष्टीकडे नेत असे, आणि बाहेर रस्त्यावर आले की माणसे व वस्तू नुसत्याच तिथे असत. त्या तशाच का असाव्यात याला काही कारण नसे. अस्तित्वाला अंगभूत अपरिहार्यता नाही, या त्यांच्या पुढील आयुष्यातील प्रमुख विचाराचा उगम त्यांनी स्वतः या अनुभवाशी जोडला आहे. रस्ता तोच असतो. आधी दोन तास पडदा पाहिल्याशिवाय तो तसा दिसत नाही.

विटगेनश्टाइन यांच्याबद्दल आपण अर्धेच सांगितलेत. शॉवरची गोष्ट खरी, पण त्यांच्याच टिपणांत असेही आहे की एखाद्या बाळबोध अमेरिकन सिनेमातून मी अनेकदा धडा घेतला आहे. आडोर्नो यांचे वाक्य मला नेहमीच आवडत आले आहे. मात्र "प्रत्येक वेळी" असे लिहिणारा माणूस पुन्हा पुन्हा जात होता, हे विसरू नये.

दशावतारात नट उत्तर देतो आणि पडदा देत नाही, हाच फरक मला महत्त्वाचा वाटतो. दशावतारात वादाचा विषय उद्या बदलतो. सिनेमा सर्वांसाठी तोच राहतो, निदान तो तोच आहे असे आपण मानतो. कार्बनकांडी यांनी ते मानणेही किती कच्चे आहे हे दाखवले, आणि त्याचा मला जितका धक्का बसला तितकाच आनंद झाला. वडील असते तर आज रात्रीच त्यांना सांगितले असते की ती चौकट कदाचित राजापुरातच कापली गेली होती.

दादासाहेब फाळके यांचीही येथे आठवण होते. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना आपल्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिले. तो चित्रपट पाहिल्यानंतर रोज तासन्‌तास सिनेमे पाहून डोळे जायची वेळ आली, तरी ते थांबले नाहीत. जे पडद्यावर नव्हते तेच त्यांनी पाहिले, आणि १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून ते पडद्यावर आणायला सुरुवात केली. म्हणून कातळसडा यांना विचारतो, पडद्यावर नसलेल्या गोष्टीवरचा वाद सिनेमाचा नसतो, हे आपण कशावरून ठरवलेत?

नवी पालवी

फाळक्यांनी आधी कुंडीतला वाटाण्याचा वेल कसा वाढतो याचे छोटे चित्रीकरण केले होते, १९१२ मध्ये. रोज थोडे थोडे चित्र घेऊन. ते मला थांबवून, मागे नेऊन पाहण्याच्या जवळचे वाटते. एवढे सोडले तर माजघर काकींनी लिहिलेले मी दोनदा वाचले. काकी, भावाला विचारलेत का?

माजघर

तुझ्या प्रश्नामुळे काल विचारले. इतकी वर्षे विचारले नव्हते, याचे आता मलाच नवल वाटते. तो डोंबिवलीला असतो. आधी त्याला सिनेमाच आठवेना. मग गाण्याची ओळ सांगितल्यावर आठवला. मी त्याला रिळाची शक्यता सांगितली. म्हटले, त्या रात्री तो भाग दाखवलाच नसेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दाखवलेलो. माका सांगूक झाला नाय."

त्याच महिन्यात आमची थोरली वहिनी आईशी भांडण होऊन माहेरी निघून गेली होती. तो चुलीपुढे गोष्ट सांगत असताना आई पलीकडे बसून भाकऱ्या थापत होती. उंबरठ्यावरचा प्रसंग येताच त्याने तिच्याकडे पाहिले आणि बाईला थेट स्टेशनवर नेले. तो तेव्हा तेरा वर्षांचा होता.